दुभाषीबाईंचा पेला

त्या शनिवारी दुपारी एग्मोरच्या हॉटेलात जे झालं, त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. नवरा म्हणतो, सोड आता. तो थंड डोक्याचा माणूस आहे, दूध उतू गेलं तरी आधी चष्मा शोधतो. मला सोडता येत नाही. एका माणसाचं वडिलांपासून चालत आलेलं काम त्या दुपारी माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने बुडालं. तो शब्द तसाच का निघाला, याला तीन माणसं जबाबदार आहेत आणि त्यातली एक मी आहे, म्हणून राग जास्त.

मी दुभाषी आहे. पुण्यात वाढले, तिथेच जपानी शिकले. आमच्या वेळी पुण्यात दर तिसऱ्या घरातलं कोणीतरी जपानीच्या वर्गाला जायचं आणि त्यातले निम्मे पहिल्या परीक्षेनंतर सोडायचे. मी चिवट निघाले. चौदा वर्षांपूर्वी ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि चेन्नईला आले ती इथलीच झाले. लग्न केलं ते तंजावरी मराठी घरात, अण्णा नगरात. सासूबाईंचं मराठी माझ्या आजीच्याही आजीचं आहे, वरून तमिळ हेल. पहिलं वर्षभर मला घरातही दुभाषी लागला असता.

कारखान्यातलं जपानी म्हणजे दोषांचं जपानी. कापलेल्या कडेला धातूची बर राहिली आहे, रंगात धूळ बसली आहे, तेलात कण सापडला, हा माल परत पाठवा. चौदा वर्षं रोज आठ तास मी हेच बोलत आले. तिकडून जपानी साहेब चिडून बोलतो, इकडे मी त्याचं सभ्य तमिळ आणि इंग्रजी करते. मग इकडचा सुपरवायझर चिडून बोलतो, त्याचं मी सभ्य जपानी करते. दोघांचा राग माझ्यातून जातो आणि दोघंही मला धन्यवाद देत नाहीत. त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी केव्हाच सोडलं.

पण जेवणाच्या टेबलावर वाटायचं. साहेबांच्या निरोपाच्या मेजवान्या असत, तिथे मला दोन खुर्च्यांच्या मधे, हातभर मागे बसवत. माझ्यापुढे ताट नाही, पेला नाही. जपानी रीत अशी आहे की आपला पेला आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा आपण भरायचा, शेजारी आपला भरतो. मोठी गोड रीत आहे, मला फार आवडते. फक्त दोघांच्या मधे आणि हातभर मागे बसलेली बाई कोणाचीच शेजारीण नसते. त्यामुळे माझा पेला कोणी भरायचा, हा प्रश्नच कधी कोणाला पडला नाही.

मला साके आवडते, हेही सांगून टाकते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कारखान्याने प्रशिक्षणासाठी तीन महिने जपानला पाठवलं होतं. रविवारी सुटी असायची. मी स्टेशनवर जाऊन मिळेल ती छोटी गाडी पकडायचे आणि एखाद्या लहान गावात उतरायचे. बहुतेक गावांत एखादी साकेची भट्टी असतेच, दारात देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला. आत कोणीतरी म्हातारी बाई असायची. ती बोलत काही नसे, एक लहान पेला भरून पुढे ठेवायची. मी प्यायचे. मग दुसरा. एका गावची साके विहिरीच्या पाण्यासारखी हलकी आणि पुढच्याच स्टेशनाची जड, पिकलेली, घशाखाली उतरल्यावरही जिभेवर बसून राहणारी. मधे फक्त एक डोंगर असायचा. पाणी वेगळं, तांदूळ वेगळा, भट्टीतला माणूस वेगळा. त्या तीन महिन्यांत मला कोणी दुभाषी म्हणून बोलावलं नाही आणि मी पोटभर सुखी होते.

म्हणून त्या कामाचा फोन आला तेव्हा मी फारच हरखले. शहरातल्या मोठ्या हॉटेलांना परदेशी दारू पुरवणारे एक गृहस्थ होते. जपानच्या उत्तरेकडून, बर्फाच्या प्रांतातून, एक भट्टीवाला स्वतः चार बाटल्या घेऊन येणार होता. हॉटेलांचे आणि रेस्टॉरंटांचे बारा लोक चाखायला येणार. त्यातलं जे पसंत पडेल ते हे गृहस्थ मागवणार. शनिवारची दुपार, दोन तासांचं काम. मी कारखान्यात रजाही मागितली नाही, तशीही सुटीच होती.

भट्टीवाल्याला आणायला मीच विमानतळावर गेले. पंचावन्नच्या आसपासचा, ठेंगणा, हात सतत गार पाण्यात घातल्याने लाल झालेले. मला नावाने न बोलावता तो 'त्सुयाकु-सान' म्हणायचा, म्हणजे दुभाषीबाई. सगळे जपानी तसंच म्हणतात, त्यात अपमान नाही. गाडीत त्याने पोटाशी एक पिशवी धरली होती. त्यात टॉवेलांत गुंडाळलेले पंधरा पेले होते, पांढरे, तळाला दोन निळी वर्तुळं असलेले. साकेचा रंग कळावा म्हणून ती वर्तुळं असतात.

गिंडीच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा तो म्हणाला, हे भाषांतरासाठी नाही, तुम्हाला म्हणून सांगतो. त्याच्या भट्टीत चार टाक्या होत्या. तीन टाक्यांत आजकालच्या पद्धतीची साके, चौथीत त्याच्या वडिलांच्या पद्धतीची. ती करायची तर वाफवलेला तांदूळ आणि बुरशी लावलेला तांदूळ थंड पाण्यात लाकडी दांड्यांनी रगडायचा, मग ते आपसूक आंबेपर्यंत वाट बघायची. बाहेरचं आंबवण काही घालायचं नाही. दुप्पट दिवस लागतात. धाकटा भाऊ म्हणतो, बंद करा, हल्ली असली चव कोणाला हवी आहे. याने भावाला शब्द दिला होता: बाहेरच्या एका तरी शहराने ही चौथी मागितली तर टाकी लावायची, नाहीतर येत्या हिवाळ्यापासून ती टाकी रिकामी. या आठवड्यातच तांदळाची मागणी नोंदवायची होती. सिंगापूर नाही म्हणालं होतं, बँकॉक नाही म्हणालं होतं. उरलं चेन्नई.

त्याने हे यजमानांना सांगू नका म्हटलं. दया म्हणून कोणी साके घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावली. आमच्या धंद्यात जे भाषांतरासाठी नाही ते पोटात ठेवायचं असतं, आणि मी ते ठेवलं.

शनिवारी दुपारी अडीच वाजता हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबल मांडलं होतं. बारा पाहुणे, एक यजमान. टेबलावर सुंडल म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, तळलेले काजू, आणि कुणाच्या सुपीक डोक्यातून आलेल्या लिंबाच्या फोडी. भट्टीवाल्याने पेले मांडले. यजमानांच्या समोर एक, पाहुण्यांच्या समोर बारा. पंधरातले दोन पिशवीतच राहिले. माझी खुर्ची नेहमीच्या जागी होती, हातभर मागे. यजमान माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी मोसंबीचा ज्यूस सांगितला आहे."

मोसंबीचा ज्यूस. आलाही लगेच, स्ट्रॉ घालून. मी थँक यू म्हटलं.

पहिली बाटली त्याच्या शेजारच्या गावची, डोंगराच्या पायथ्याची. वितळलेल्या बर्फाचं पाणी वापरतात, तो म्हणाला, ही काराकुची आहे. तो शब्द ऐकताच टेबलाच्या टोकाचे एक जाडजूड रेस्टॉरंटवाले दचकले. "कारमा?" त्यांनी विचारलं. तमिळमध्ये कारम म्हणजे तिखट, आणि गंमत अशी की जपानीतही काराय म्हणजे तिखटच. फक्त साकेच्या बाबतीत काराकुची म्हणजे जी गोड नाही ती. मी हे सगळं दोन भाषांत समजावलं, लोक हसले, त्या गृहस्थांनी तरीही मिरचीची भीती धरून घोट घेतला आणि मग चेहरा खुलला. भट्टीवालाही हसला. मला वाटलं, आज काम छान होणार.

दुसरी बंदरावरच्या गावची, खारवलेल्या माशांबरोबर प्यायची, जराशी गोडसर. एकाने त्यात लिंबू पिळलं. भट्टीवाल्याने ते बघितलं आणि टॉवेलाची घडी नीट केली. दुसऱ्या एकाने डोकं मागे टाकून औषधासारखी एका दमात गिळली आणि विचारलं, "चढते कधी?" हे मी भाषांतरित केलं, करावंच लागतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. ज्या पेल्यातला घोट मी जिभेवर पाच मिनिटं फिरवला असता, तो हा माणूस नळाचं पाणी असल्यासारखा ओतून घेत होता, आणि मी मात्र त्याचा बावळट प्रश्न आदरार्थी जपानीत घोळत बसले होते. तिसरी बाटली त्याच्या स्वतःच्या भट्टीतली, रोजची. ती सगळ्यांना आवडली. यजमानांनी वहीत पहिल्या तिन्हींपुढे खुणा केल्या.

मग चौथी. भट्टीवाल्याने गरम पाणी मागितलं. वेटरने चहाची किटली आणली. भट्टीवाल्याने ते पाणी एका खोल भांड्यात ओतून बाटली त्यात धरली, मधूनमधून काढून तिच्या बुडाला तळहात लावून बघत होता. चेन्नईच्या मे महिन्यात गरम दारू, म्हणून दोघंतिघं खुसखुसले. त्याने पेले भरले. वाफ निघाली असणार. माझ्या नाकाशी मोसंबी होती.

तो उभा राहिला. आधीच्या तीन बाटल्यांच्या वेळी बसून बोलला होता. म्हणाला, ही माझ्या वडिलांची पद्धत. आणि पुढे म्हणाला, "या साकेत झात्सुमी आहे. आम्ही ती काढत नाही."

झात्सुमी हा शब्द मी त्याआधी कधी भाषांतरित केला नव्हता. मी जपानात भट्ट्याभट्ट्यांवर साके प्यायले होते, पण तिथे बायका बोलतच नव्हत्या. झात्सु म्हणजे किरकोळ, मिसळलेलं, नको ते. मी म्हणजे चव. दुभाष्याला विचार करायला एका श्वासाएवढा वेळ असतो. त्या श्वासात माझ्या डोक्यात काय आलं? कारखाना आला. तेलातला कण, रंगातली धूळ, परत पाठवलेला माल. चौदा वर्षं जे बोलले तेच तोंडात आलं. मी स्वच्छ इंग्रजीत म्हटलं की या दारूत इम्प्युरिटीज आहेत आणि हे लोक त्या काढत नाहीत. वर तमिळमध्येही सांगितलं, कोणाचं राहायला नको म्हणून.

ते जाडजूड गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "कलप्पडमा?" कलप्पडम म्हणजे भेसळ.

कोणीतरी विचारलं, ही पिणं सुरक्षित आहे ना. मी ते जपानीत विचारलं. भट्टीवाला गोंधळला. म्हणाला, अर्थातच, वडिलांच्या काळापासून आम्ही पितो. मी ते सांगितलं. एकाने विचारलं, मग गाळून का घेत नाहीत. तो म्हणाला, गाळली तर हिच्यात काय उरलं. मी तेही सांगितलं, शब्दाला शब्द. प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तराबरोबर एकेक पेला टेबलावर परत ठेवला जात होता. बारांपैकी तिघांनी ओठ लावले असतील. यजमानांनी वहीत चौथ्या ओळीवर रेघ मारली, तीही पट्टी लावून मारावी तशी सरळ. भट्टीवाल्याला ती दिसली. रेघेला दुभाषी लागत नाही.

काहीतरी चुकलं आहे एवढं मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं, कारण त्या खोलीत जिच्यापुढे ती साके आलीच नव्हती अशी मी एकटीच होते, आणि तिच्याबद्दल बोलणारीही मी एकटीच होते. स्वयंपाक न चाखता मीठ किती हवं ते सांगायचं, आणि तेही चौदा वर्षं, शहाण्यासारखा चेहरा करून. असलं काम मी बिनबोभाट करत आले होते.

पाहुणे गेले. पेले मी आणि त्याने मिळून धुतले, पुसले, टॉवेलांत गुंडाळले. पिशवीतले दोन कोरेच होते. चौथी बाटली अर्ध्याहून जास्त उरली होती. ती त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "त्सुयाकु-सान, घरी घेऊन जा. परत नेण्यात अर्थ नाही." मी नको नको म्हणत घेतली.

मेट्रोने अण्णा नगरला आले तेव्हा पाच वाजले होते. नवरा भाजी आणायला गेला होता. सासूबाई बाल्कनीच्या दाराशी मुळ्याचा पाला निवडत बसल्या होत्या. मी साडीसकट स्वयंपाकघरात शिरले, पातेल्यात पाणी तापवलं, स्टीलच्या वाटीत साके ओतून वाटी पाण्यात धरली. त्याने धरली होती तशीच, तळहात लावून बघत. वास वर आला आणि मी ओळखायच्या आतच बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"अगे, आज नीरागारम कोणी काढलं?"

नीरागारम म्हणजे रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवतात ना, त्यावरचं सकाळचं आंबूस पाणी. मीठ आणि ताक घालून, तोंडी लावायला छोटा कांदा घेऊन पितात. इथल्या प्रत्येक घरातल्या जुन्या माणसाने ते प्यायलेलं असतं. आता डॉक्टरही प्या म्हणून सांगायला लागलेत, त्यामुळे नव्यांनीही.

मी म्हटलं, "आई, ही दारू आहे."

"असू दे की," त्या म्हणाल्या. "वास त्याचाच आहे. शिळ्या भाताचा. बरा वास आहे, कशास लपवतेस?"

मी घोट घेतला. काय सांगू. आधी भाताची गोडी आली, मग आंबूसपणा आला, ताकासारखा मऊ, मग थोडी कडवट मागची चव, भाताच्या खरपुडीची, आणि तिच्याही मागे काहीतरी ओलं, मातीच्या मडक्यासारखं. कोणतीही एक चव वरचढ नाही, सगळ्या एकमेकींना धरून. हीच झात्सुमी. बाकीचे लोक घासून, गाळून, धुऊन ज्या चवी काढून टाकतात, त्या या माणसाच्या वडिलांनी ठेवल्या होत्या. जे मी अशुद्ध म्हटलं होतं ते त्या साकेचं सगळं म्हणणं होतं. मराठीत मी त्याला सरमिसळ चवी म्हटलं असतं, आणि त्या खोलीत नुसतं नीरागारम म्हटलं असतं तर बाराच्या बारा माणसांनी पेला पुन्हा पुढे केला असता. ते जाडजूड गृहस्थ तर आजीची आठवण काढून रडले असते. एक शब्द. आणि तो आमच्या घरात बाल्कनीत बसून पाला निवडत होता.

मी एक घोट आधी प्यायले असते तर. फक्त एक.

त्या वाटीतली साके मी संपवली, उभ्याने, रागारागाने. फार उत्तम होती. ती उत्तम होती याचाच मला संताप येत होता. भिकार असती तर निदान रात्री झोप लागली असती.

रविवारी सकाळी आठला मी यजमानांना फोन केला. म्हटलं, माझी चूक झाली, तो शब्द मी चुकीचा सांगितला, चौथी साके पुन्हा चाखा, मी सगळ्यांना स्वतः समजावते. ते नाश्ता करत असावेत. म्हणाले, यादी काल संध्याकाळीच पाठवली, पहिल्या तीन घेतल्या, चौथी लोकांच्या मनातून उतरली ती उतरली. मी हट्ट धरला. तेव्हा ते जरा वैतागले.

"मॅडम, तुम्हाला चव कळली नव्हती तर तुम्ही आधी चाखून का नाही सांगितलंत?"

"मला पेला कुठे दिला होता?"

"अहो, तो ओतत होता. त्याने तुम्हाला दिलं नाही. मला वाटलं जपान्यांत दुभाष्याला देत नसतील. त्यांची पद्धत मी कशी मोडणार? म्हणून तर ज्यूस सांगितला."

त्यांचा आवाज इतका प्रामाणिक होता की मला त्यांना बोल लावायलाही जागा उरली नाही. मी फोन ठेवला आणि तशीच एग्मोरला गेले.

भट्टीवाला लॉबीत बॅगेशेजारी बसला होता. गाडी यायला अर्धा तास होता. मी समोर बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. झात्सुमीला मी काय म्हटलं ते सांगितलं. जपानीत त्यासाठी कारखान्यातलाच शब्द वापरावा लागला, फुजुनबुत्सु, अशुद्ध पदार्थ. तो शब्द त्याने दोनदा पुटपुटला. मग म्हणाला, "म्हणून सगळे सुरक्षित आहे का विचारत होते." जणू एखादं कोडं सुटलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, टाकीचं काय. तो म्हणाला, काल रात्री भावाला फोन केला. भाऊ हलका झाल्यासारखा वाटला. तीन टाक्यांचाच तांदूळ नोंदवायला सांगितला आहे. मी म्हटलं, दोन आठवडे थांबा, मी बाराही जणांना पत्र लिहिते. पुढे मी ती लिहिलीही. दोघांची उत्तरं आली, दोन्ही अगदी सभ्य. तो मान हलवून म्हणाला, दांड्यांनी रगडणारी माणसं दोनच उरली आहेत, त्यांनाही आता सांगून टाकायला हवं, ती वाट बघत बसतील.

मग मी त्याला सांगितलं की काल घरी प्यायले आणि मला ती साके कळली. काल टेबलावर कळली असती तर हे झालं नसतं.

त्याने पिशवीवरचा हात काढला. "तुमच्यापुढे पेला नव्हता," तो म्हणाला. "मी पाहिलं. माझ्याकडे दोन जास्तीचे होते. पण यजमानांनी तुम्हाला दुसरं काही मागवलं, म्हणून वाटलं, या देशात बायकांना किंवा दुभाष्यांना देण्याची पद्धत नसेल. मी ओतलं आणि तुम्हाला नाही म्हणावं लागलं तर सगळ्यांपुढे तुमचा अपमान होईल. म्हणून ओतलं नाही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एक म्हणतो त्यांची पद्धत, दुसरा म्हणतो यांची पद्धत, आणि दोघांच्या मधे मी ज्यूस पीत बसलेली. मी लॉबीच्या मधोमध, रिसेप्शनवरची मुलगी बघत असताना, चक्क मराठीत ओरडले. "अहो, विचारायचं तरी होतं."

त्याने नम्रपणे विचारलं, काय म्हणालात.

मला माझंच वाक्य भाषांतरित करावं लागलं. मी म्हटलं, "मी म्हणाले, विचारायचं होतं."

तो खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "पण त्सुयाकु-सान, यजमानांना विचारायचं तर तुमच्याच तोंडून विचारावं लागलं असतं ना. या बाईंना पेला दिला तर चालेल का, हे तुम्हीच त्यांना विचारलं असतंत."

त्याची गाडी आली. मी बॅग उचलायला पुढे झाले, त्याने उचलू दिली नाही, वाकून नमस्कार केला आणि गेला. मी तिथेच उभी राहिले, कारण त्याने विचारलं असतं तर मी काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तो प्रश्न यजमानांपर्यंत पोचवलाच नसता. मधल्यामधे हसून त्याला म्हटलं असतं, नको, मी कामावर आहे.